चाकावरच्या खोलीचं छत

जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. या एकतीस वर्षांत माझ्या टेबलासमोर जेवढे लोक उभे राहिले त्या सगळ्यांची तक्रार एकच होती, की पाणी येत नाही. पाणी येतंय, ते थांबवा, असा अर्ज घेऊन कोणी कधी आलं नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात आमच्या दारव्ह्याच्या घरासमोर चाकांवर उभ्या असलेल्या एका खोलीच्या छतातून पाणी गळायला लागलं, तेव्हा या विषयातला माझा अनुभव शून्य होता. हे मी तिथल्या तिथे कबूल करायला पाहिजे होतं. मी केलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ही खोली बापूजींसाठी होती. बापूजी म्हणजे माझे वडील, वय चौऱ्यांशी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण तेव्हापासून त्यांना पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही, लगेच आडवं व्हावं लागतं. म्हणजे एस.टी. बंद, काळीपिवळी बंद, लग्नकार्य बंद. मी एकदा ॲम्ब्युलन्स सुचवली. त्यावर ते म्हणाले, की त्या गाडीत बसून गेलेला आपला एकही माणूस अजून घरी आलेला नाही. पुढे तो विषय निघाला नाही.

तसं त्यांना कुठे जायचंही नव्हतं. फक्त एका ठिकाणी जायचं होतं. नेरच्या पुढे आठ किलोमीटरवर एका खेड्यात त्यांची धाकटी बहीण राहते, आमची मोतीआत्या. तिचं वय एकोणऐंशी, आणि गुडघे तिच्याही आधी म्हातारे झालेले. चार वर्षं दोघांची भेट नव्हती. दर रविवारी फोन व्हायचा, पण ऐकू दोघांनाही कमी. बापूजी इकडून सोयाबीनचं विचारायचे, आत्या तिकडून नातसुनेच्या बाळंतपणाचं सांगायची, आणि दोघंही समाधानानं फोन ठेवायचे. राखी पोस्टानं यायची. या वर्षी मात्र आत्यानं आपल्या मुलाकडून, उकंडाकडून, निरोप धाडला की राखी पाठवणार नाही. "पाकिटात राखी येते, हात येते काय? दादाले म्हना, हात घेऊन ये."

बापूजींनी हा निरोप माझ्याकडून तीनदा वदवून घेतला.  तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मले निजल्या निजल्या नेता येईल काय?"

दिग्रस रोडला गफ्फारभाईंचं गॅरेज आहे. आमच्या खात्याच्या जीपा त्यांच्याकडेच मरायला जायच्या, त्यामुळे ओळख जुनी. त्यांच्या आवारात कडुनिंबाखाली एक गाडी सहा वर्षांपासून पडून होती. गाडी म्हणजे जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांवरची पत्र्याची खोली. कोण्या संस्थेनं खेड्यापाड्यांत डोळे तपासायला ती बनवून घेतली होती, संस्था बंद पडली, आणि आता तिच्यात गफ्फारभाईंच्या कोंबड्या राहत होत्या. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, एक दार, एक खिडकी, आणि रोग्याला निजवायचा लाकडी पलंग. मला ती पाहताक्षणी आवडली. गफ्फारभाईंनी मात्र प्रामाणिकपणे छताकडे बोट दाखवलं. "साहेब, इच्या पत्र्याले भोकं नाही. भोकाईले पत्रा लावेल हाय." मी ते विनोद म्हणून घेतलं.

माझ्या बायकोनं, कोकिळेनं, तीन दिवस ती गाडी घासली. पडदा लावला, गादी घातली, भिंतीला हुक ठोकून बापूजींची काठी अडकवली. मग आम्ही बापूजींना आत निजवलं. त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाले, की गोठ्यापेक्षा उजेड चांगला आहे. त्यांच्या तोंडून ही फार मोठी स्तुती असते. तेवढ्यात पाऊस आला. थेंबाला पडायला साठ चौरस फूट जागा होती, पण तो पडला बापूजींच्या बरोबर कपाळाच्या मधोमध. दुसरा तिथेच पडला. बापूजींनी डोळे मिटले आणि मला सांगितलं, की तुझ्या खात्याचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलं.

राखीपौर्णिमेला सतरा दिवस होते.

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काही बिघडलं की गल्ली जिवंत होते. शेजारचे धरमसिंगभाऊ राठोड एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांनी सांगितलं की त्यांनी अठ्ठावीस वर्षं अशा गाड्या चालवल्या ज्या ड्रायव्हरची सीट सोडून सगळीकडे गळायच्या, आणि त्यावर डांबराशिवाय औषध नाही. समोरच्या शिंप्याचं मत सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवावेत असं पडलं. पलीकडच्या काकूंनी चुना आणि बिब्ब्याचं तेल सांगितलं, कारण त्यांच्या आजोबांनी हौद तसा बांधला होता. हौदात पाणी आत ठेवायचं असतं आणि मला ते बाहेर ठेवायचं आहे, हा फरक मी त्यांना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, की पाण्याला काय समजतं आत कोणतं आणि बाहेर कोणतं. 

मी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं आणि जाहीर केलं, की हे काम शास्त्रीय पद्धतीनं होईल. मी यवतमाळहून रबरासारखं पांढरं रसायन आणि जाळीच्या कापडाची गुंडाळी आणली. डब्यावरची सूचना मोठ्यानं वाचली. पहिला हात द्यायचा, वर जाळी पसरायची, मग दुसरा हात. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की त्याआधी पृष्ठभाग चोवीस तास पूर्ण कोरडा असावा. तिथे मी आवाज थोडा खाली आणला. कारण श्रावणात आमच्याकडे चोवीस तास कोरडी राहते ती फक्त माचिस, आणि तीही कोकिळा डाळीच्या डब्यात ठेवते म्हणून.

पण मी मागे हटणारा माणूस नाही. गाडीभोवती आठ बल्ल्या रोवल्या आणि वर ताडपत्रीचा मांडव घातला. वाऱ्यानं मांडव हलू नये म्हणून एक बल्ली गाडीच्याच लोखंडी कडीला पक्की बांधली. ही गाठ मी पाणीपुरवठ्यात शिकलो होतो. तिच्यावर पाण्याची मोटर विहिरीत सोडतात. दारात मांडव दिसल्यामुळे दोन दिवस लोक लग्न कोणाचं म्हणून विचारून गेले, आणि एका गृहस्थानं आपल्या भाचीची पत्रिका देऊन ठेवली. छत मात्र वाळत होतं. मी रोज सकाळी शिडीवर चढून पत्र्यावर तळहात ठेवायचो. ताप पाहावा तसा.

पाचव्या दिवशी नगर परिषदेतून संघदीप आला. हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. अतिशय सालस, मला काका म्हणतो. त्यानं चप्पल काढली, चहा घेतला, बापूजींच्या पाया पडला आणि मला नोटीस दिली. मिळकतीच्या दर्शनी भागात विनापरवाना पक्कं बांधकाम केल्याबद्दल. मी जन्मभर अशा नोटिसा लिहिल्या, पण माझ्या नावाची पाहिली ती पहिलीच. तिच्यात 'अन्वये' चुकीचं लिहिलं होतं. मी लाल पेननं दुरुस्त करून दिलं. एवढंच मला त्या वेळी सुचलं.

संघदीपचं म्हणणं असं, की या वस्तूला छत आहे, दार आहे, खिडकी आहे आणि खिडकीला पडदासुद्धा आहे, म्हणजे हे घर झालं. मी त्याला खाली वाकवून चाकं दाखवली. त्यानं चाकं पाहिली, मान्य केली, आणि अडचण सांगितली की फॉर्ममध्ये चाकांचा रकाना नाही. तक्रार मोबाइलवरून आली आहे, त्यामुळे ती निकालात काढल्याशिवाय त्याचा वरिष्ठ त्याला सोडणार नाही. तक्रार कोणी केली हे सांगायची त्याला परवानगी नव्हती. पण त्यानं सोबतचा फोटो दाखवला, आणि तशा कोनातून आमचं घर फक्त धरमसिंगभाऊंच्या गच्चीवरूनच दिसतं.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. धरमसिंगभाऊ फार ओशाळले. झालं असं होतं की आमच्या दोघांच्या घरांमधली नाली होळीपासून तुंबलेली होती. ती साफ व्हावी म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवरून तक्रार केली. नालीचा फोटो काढताना मांडव मध्ये आला आणि तक्रारींच्या यादीतली ओळ चुकून खालची दाबली गेली. नाली अजून तुंबलेलीच होती. मला त्यांच्यावर नीट रागावताही आलं नाही.

शेवटी संघदीपनंच तोड काढली. गाडी दहा फूट पुढे ओढायची, रिकाम्या जागेचा फोटो काढायचा, की तक्रार बंद. ठरलं ते राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी पहाटे मी उठून रसायनाचा दुसरा हात दिला होता. छत असं पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत दिसत होतं की मी शिडीवर उभा राहून त्याच्याकडे पाहतच राहिलो. माझ्या हातून इतकं सुंदर काम यापूर्वी झालं नव्हतं.

अकरा वाजता गफ्फारभाई जीप घेऊन आले. रात्रीच्या पावसानं वरच्या ताडपत्रीला मोठं पोट सुटलं होतं, त्यात दोन-तीनशे लिटर पाणी सहज असेल. गल्ली जमली. संघदीपनं मोबाइल धरला. गफ्फारभाईंनी जीप जोडली आणि मी हात वर करून इशारा दिला. गाडी अगदी अलगद निघाली. कडीला बांधलेली बल्ली तिच्यासोबत निघाली. बल्लीसोबत मांडव निघाला. ती गाठ किती पक्की होती ते मी आधीच सांगितलं आहे.

मांडव आधी पुढे झुकला, जरा थांबला, आणि मग ताडपत्रीचं सगळं पोट एकदम छतावर रिकामं झालं. ओलं रसायन पाण्यासोबत चारी बाजूंनी खाली आलं. मी पांढरा झालो, गफ्फारभाई पांढरे झाले, धरमसिंगभाऊंची काळी बकरी पांढरी झाली. ती मोठ्यानं ओरडत घरात पळाली आणि तिला घरातल्यांनी ओळखलं नाही. संघदीपनं मात्र हात हलू न देता फोटो काढला. तक्रार बंद झाली. शेऱ्यात लिहिलं, की संबंधितानं बांधकाम स्वतःहून पाडलं.

दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. सकाळपासून पाऊस होता आणि गाडी आतून बाहेरून गळत होती. बापूजींना सांगायचं कोणी हे ठरत नव्हतं. त्यांनी पहाटेच आंघोळ करून घेतली होती. नवं धोतर, इस्तरीचा सदरा, डोक्यावर टोपी. पंधरा मिनिटं बसायचे, मग टोपी न काढताच आडवे व्हायचे, मग पुन्हा उठून बसायचे. असं दुपारपर्यंत चाललं. तीन वाजता मी आत गेलो आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, की आज जमत नाही. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"मोतीले फोन करून सांग," ते म्हणाले. "म्हनाव, मी तयार होतो."

मी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. कोकिळा भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे न पाहताच सांगितलं, की आता कोणाला काही विचारायचं नाही, कोणाला काही वाचून दाखवायचं नाही. "गफ्फारभाईले बोलवा, अन् तुमी फक्त शिडी धरा."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, आणि मी शिडी धरली. गफ्फारभाईंनी माझं सगळं शास्त्र खरवडून काढलं. सैल झालेले रिव्हेट काढले, रबरी वायसर घालून नवे ठोकले, आणि सांध्यांवर गरम डांबर ओतलं. धरमसिंगभाऊ खाली उभे होते. आपण पहिल्याच दिवशी डांबर सांगितलं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. हा त्यांचा मोठेपणा. आता वरून एक अखंड, बिनसांध्याचा तुकडा हवा होता. त्यावर धरमसिंगभाऊ घाईनं घरी गेले आणि खांद्यावर फ्लेक्सची जाड गुंडाळी घेऊन आले. त्यांच्या भाच्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्यात कोण्या पाहुण्यांनी करून घेतलेला एक बोर्ड नावातल्या चुकीमुळे परत आला होता. कोरा करकरीत, बारा फूट बाय नऊ.

उलगडून पाहिला तर ती कोण्या आजोबांची श्रद्धांजली होती. मी म्हटलं, हे काही बरं दिसत नाही. छापलेली बाजू खाली करा. गफ्फारभाईंनी समजावलं की मागची बाजू खरबरीत, तीच डांबर धरते. गुळगुळीत बाजू वरच हवी, म्हणजे पाणी घरंगळतं. शिवाय तोडगा सोपा होता. धरमसिंगभाऊंकडे पोळ्यासाठी आणलेला चुना होता, त्याचे दोन जाड हात मारले की झालं. फ्लेक्स चिकटला. दोन्ही बाजूंना खाली दीड दीड फूट लोंबला, तो पट्टीनं ठोकून टाकला. चुना दिल्यावर गाडी नव्या देवळासारखी दिसायला लागली.

परीक्षेसाठी कोकिळा आत पलंगावर निजली आणि आम्ही वरून बारा बादल्या पाणी ओतलं. मी बाहेरून विचारलं, थेंब पडला काय. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. दार उघडून पाहिलं तर तिला झोप लागली होती. आम्ही तिघंही मग शिडी न वाजवता बाजूला नेली.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी आम्ही निघालो. गफ्फारभाई जीप चालवायला, त्यांच्या डाव्या हाताला मी, मागे गाडीत पलंगावर बापूजी आणि त्यांच्या पायाशी कोकिळा. असं चालत्या गाडीत माणसं बसवावीत की नाही याबद्दल कायद्यात काही असेल, ते मी मुद्दाम वाचलं नव्हतं. गफ्फारभाईंनी वेग विसाच्या वर न्यायचा नाही असं कबूल केलं होतं. बोरीअरब रस्त्याचा फाटा मागे पडला आणि बारीक पाऊस सुरू झाला. मी मागे वळून छताकडे पाहिलं. मला वाटलं, पड आता.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की रस्त्याच्या कडेचे लोक आमच्याकडे आदरानं पाहत आहेत. एका पानठेल्यावरच्या माणसानं हात जोडले. मी मान लववली. पुढे शाळेतून सुटलेल्या पोरी ओळीनं उभ्या राहिल्या. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं आणि ट्रॅक्टर शेताच्या कडेला घेतला. एका हॉटेलातून चार जण टोप्या काढून उभे राहिले. मला भरून आलं. म्हाताऱ्या बापाला निजल्या निजल्या बहिणीकडे नेणारा मुलगा या तालुक्यात दुसरा नसेल, आणि बातमी पसरली असणार, असं मी गफ्फारभाईंना म्हणालो. मी प्रत्येक नमस्कार घेतला आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. वीस किलोमीटर.

मागे खिडकीत बापूजींचंही तेच चाललं होतं. कोकिळेनं नंतर सांगितलं, की ते पालथे होऊन कोपरावर टेकले होते आणि लोकांना हात करत होते. लोक अजून ओळखतात, असं दोनदा म्हणाले. एका बाईनं मात्र त्यांचा हात हललेला पाहून डोक्यावरचा चाऱ्याचा भारा खाली टाकला आणि उलट्या दिशेनं पळत सुटली. त्यांना वाटलं, तिचं काही राहिलं असेल.

नेरच्या चौकात पोलिसानं आमच्यासाठी बाकीच्या गाड्या थांबवल्या. गफ्फारभाई हळूच म्हणाले, "साहेब, आज कागदबी नाही विचारले. मले काही बरोबर वाटून नाही राह्यलं." मी म्हटलं, चला, थांबू नका. तेवढ्यात एक मोटरसायकलवाला मागून आला, गाडीच्या बाजूनं हळू झाला, खाली मान घातली आणि जोरात पुढे निघून गेला.

आत्याच्या गावात शिरलो तर गाव रस्त्यावर. आत्याच्या दारासमोर बाया डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. आत्याचा मुलगा उकंडा उघड्या अंगानं, खांद्यावर उपरणं टाकून उभा होता. बाजूला दोन जण गोवऱ्या मोजत होते. मी उतरलो तसा उकंडा माझ्या गळ्यात पडला आणि रडायला लागला. मी त्याला थोपटलं. मला वाटलं, आत्या गेली. चार दिवसांचा उशीर, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

पण आत्या दारातून बाहेर आली. दोन बायांनी तिला धरलं होतं. तिच्या मुठीत काहीतरी होतं. माझ्याकडे न पाहता ती सरळ गाडीजवळ गेली आणि पत्र्यावर हात टेकला.

"दादा, मले न भेटता काहून गेला रे?"

आतून कोकिळेनं दार उघडलं. बापूजी कोपरावर उठले. त्यांना बहुतेक अर्धंच ऐकू आलं असावं.

"गेलो कुठी? आता तर आलो."

आत्या दाराशी सरकली. मग हात लांब करून तिनं बापूजींचा पाय धरला, तळवा चाचपला, घोटा चाचपला. मागे वळून बायांना म्हणाली, "गरम हाय." आणि तिथेच पायरीवर बसून रडली. बापूजी तिच्या डोक्यावर हात ठेवून, कोणी मारलं, कोणी मारलं, असं विचारत राहिले.

गोवऱ्या मोजणारे हळूच गोवऱ्या परत ठेवायला लागले. तो मोटरसायकलवाला याच गावचा होता, बातमी त्यानंच पुढे आणली होती. उकंडानं मला हाताला धरून गाडीच्या डाव्या बाजूला नेलं. पावसानं चुना धुऊन गेला होता. छताच्या कडेवरून खाली आलेल्या पट्टीवर, दहा फूट लांब, लाल अक्षरांत लिहिलं होतं : भावपूर्ण श्रद्धांजली. उजव्या बाजूला पाहिलं, तिथे शोकाकुल समस्त मित्रपरिवार. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद वाचले. स्वतःच्या गाडीवर काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं, आणि वीस किलोमीटर मान लववत आलो होतो.

मुठीतली राखी आत्यानं पायरीवर बसूनच बांधली. गाठ पक्की बसेना. कोणी मदत करायला पुढे झालं तर तिनं हटकलं. मग औक्षण झालं. रडायला आलेल्या बायांनाच पुऱ्या लाटायला बसवलं. उकंडानं सदरा घातला. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले, असं एक म्हातारी म्हणाली, तर आत्यानं तिला विचारलं की भाऊ तुझा आहे काय.

संध्याकाळी खरा पाऊस आला. मी छत्री घेऊन गाडीत शिरलो. पलंगाखाली, कोपऱ्यात, खिडकीशी, सगळीकडे हात फिरवला. कोरडं. बापूजी निजले होते आणि आत्या स्टुलावर बसून त्यांच्याशी भांडत होती. लहानपणी कोण्या बैलाचं नाव काय होतं यावरून. मी आलो गेलो ते दोघांनाही कळलं नाही. उलट आत्याच्या घरात, टिनाखाली, तीन ठिकाणी पातेली मांडली होती आणि चौथं उकंडाची बायको शोधत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गफ्फारभाईंकडे पाहिलं. डांबराचा अर्धा डबा जीपमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी उघाड पडली तसा मी आत्याच्या टिनावर चढलो. गफ्फारभाईंनी एक सांधा करून दाखवला आणि ते गॅरेज वाऱ्यावर आहे म्हणून जीप घेऊन गेले. दोन-तीन दिवसांनी गाडी न्यायला येतो म्हणाले. बाकीचे सांधे मी केले. खाली गाव जमलं. एकानं सिमेंट सांगितलं, एकानं सायकलची ट्यूब. मी वरून सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकालाही काही वाचून दाखवलं नाही. दुपारी पाऊस आला तेव्हा चारपैकी तीन पातेली कोरडी होती. चौथ्याबद्दल उकंडाची बायको म्हणाली, की तेवढं चालतं.

तिसऱ्या दिवशी मी गफ्फारभाईंना फोन लावायला मोबाइल काढला, तर बापूजी म्हणाले, "कायले बोलावतं? मी पोळ्यापर्यंत राह्यतो." उकंडाही तेच म्हणाला. त्याच्या दोन्ही मुलांना मामाआजोबांना उचलून ठेवायची सवय झालीच होती. गोळ्या कोणत्या, कधी, हे कोकिळेनं चिठ्ठीवर लिहून दिलं, दोनदा वाचून दाखवलं, तरी तिचा पाय निघेना. आत्यानं तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, की तू याला दोन वर्षं सांभाळला, आता आठ-नऊ दिवस मला सांभाळू दे.

आम्ही निघालो तेव्हा बापूजींनी खिडकीतून हात केला. मग लगेच आत वळले, कारण आत्या काहीतरी सांगत होती.

उकंडानं आम्हाला मोटरसायकलनं एकेक करून नेरला आणून सोडलं. स्टँडवर आम्ही दोघं उभे. हातात एक पिशवी. मी हिशेब केला, असं दोघंच कुठे उभे राहून किती दिवस झाले. मला आठवेना. दारव्ह्याची बस लागली. मी पिशवी उचलली आणि दाराकडे निघालो. कोकिळा आली नाही.

"ही जाऊ द्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, यानंतर पाऊण तास बस नाही. ती पलीकडच्या फलाटाकडे पाहत होती. तिथे अमरावतीची बस उभी होती. अमरावतीहून चिखलदऱ्याला गाड्या असतात, हे तिनं उकंडाच्या बायकोला विचारून ठेवलं होतं. श्रावणात तिथे म्हणे ढग रस्त्यावरून चालतात.

मी माझ्या पॅंटकडे पाहिलं. गुडघ्यापासून खाली डांबर होतं, आणि सदऱ्यावर पांढऱ्या रसायनाचे डाग. अशा कपड्यांत कुठे जायचं, असं मी म्हणालो.

"तिकडं आपल्याले कोण ओळखते," कोकिळा म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे झाली. मी तिच्या मागे बसमध्ये चढलो. खिडकीची जागा तिनं घेतली. वरून एक थेंब माझ्या मानेवर पडला. मी जरा सरकून बसलो.